एर्सिलियाचा तिसरा तारा

एर्सिलिया कानेपाने हॉटेलच्या दारावरची दोन ताऱ्यांची पाटी फडक्याने पुसली आणि नेहमीप्रमाणे तिचं डोकं तडकलं. इटलीतल्या जेनोव्हाच्या स्टेशनामागच्या त्या इमारतीत तिचं हॉटेल तिसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या मजल्यावर तिच्या सख्ख्या भावाचं, गास्पारेचं हॉटेल होतं आणि त्याच्या पाटीवर तीन तारे होते. वडिलांनी मजले वाटून दिले होते. तारे वाटायचं काम सरकारकडे होतं आणि सरकारला एर्सिलियाची माया नव्हती.

तारे म्हणजे चांगुलपणाचे गुण, असा बिचाऱ्या प्रवाशांचा समज असतो. चादर स्वच्छ आहे का, मालकीण हसून बोलते का, हे तपासायला कुणीही येत नाही. लिफ्ट आहे का, खोलीत फोन आहे का, बसायचं दालन किती मोठं, एवढंच मोजतात. गास्पारेने स्वतःच्या खर्चाने थेट वरपर्यंत जाणारी लिफ्ट बसवली होती आणि ती त्याच्याकडच्या किल्लीशिवाय हलत नसे. त्याची गिऱ्हाइकं एका मजल्यासाठी लिफ्टने जात आणि एर्सिलियाची माणसं बॅगा ओढत, धापा टाकत तीन मजले चढत.

तरीही ती येत. ग्रात्सच्या दोघी म्हाताऱ्या बहिणी दर सप्टेंबरला येत, ल्यॉंचे निवृत्त मास्तर येत. याचं कारण एर्सिलियाचा नवरा तुल्लियो. तो सकाळी भट्टीतून गरम फोकाच्चा काढी आणि पाहुणे तो खारट, तेलकट पाव दुधाच्या कॉफीत बुडवून डोळे मिटून खात. तुल्लियो दाराआडून ते बघत उभा राही. त्याला आयुष्यात आणखी काही नको होतं.

घोळ झाला तो गास्पारेच्या नातवाच्या बारशाला. सगळे नातेवाईक जेवायला बसले असताना गास्पारे ग्लास उंचावून म्हणाला, "आमची एर्सिलिया दोन ताऱ्यांतच सुखी आहे बरं का. झेपेल तेवढंच करावं माणसाने!"

सगळे हसले. एर्सिलियाही हसली आणि घरी येऊन तिने पर्स पलंगावर आपटली.

"मला तिसरा तारा पाहिजे."

"कशाला? आहेत ते दोन कुणी खातंय का?" तुल्लियोने विचारलं.

"तू गप्प बस. तुला अपमान कळत नाही."

तिने अर्ज केला आणि सरकारी निरीक्षक बाई मोजायची टेप घेऊन आल्या. त्यांनी खोल्या मोजल्या, दालन मोजलं. तुल्लियोने पुढे केलेला फोकाच्चा त्यांनी हात न लावता बाजूला सारला. "दालन लहान आहे. शेजारचं स्वयंपाकघर पाडून आत घ्यावं लागेल. आणि लिफ्ट? लिफ्ट नसेल तर विषयच संपला."

मग एर्सिलियाने अभिमान गिळला आणि ती गास्पारेचं दार वाजवायला गेली. तो कुत्सित हसेल, अशी तिची खात्री होती. पण तो म्हणाला, "घे ना!"

"किल्ली देतोस?"

"किल्ली कसली? अख्खी लिफ्टच घे. तुझ्या नावावर करून देतो. आपण काय परके आहोत का गं?"

एर्सिलियाच्या डोळ्यांत पाणीच आलं. वर येऊन ती म्हणाली, "शेवटी रक्ताचं नातं ते!"

"गास्पारे फुकट कुणाला सर्दीसुद्धा देत नाही," तुल्लियो म्हणाला. पण एर्सिलियाने ते कानाआड केलं.

स्वयंपाकघर पाडलं. तुल्लियोची भट्टी भंगारवाल्याने नेली, तेव्हा तो जिन्यात बसून होता. नाश्त्याला आता गास्पारेकडे असत तसे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गोड पाव आले. तारा मिळाला. एर्सिलिया निळं जाकीट घालून काउंटरमागे बसू लागली. रोज पहाटे उठायची सवय असलेला तुल्लियो बंदरावर फिरायला जाऊ लागला आणि उशिरा परतू लागला. तो कुठे असतो, हे तिने विचारलं नाही. लिफ्ट आठवड्याआड बंद पडत होती आणि तिला दुरुस्तीवाल्याच्या मागे धावावं लागत होतं.

सप्टेंबर उजाडला आणि जुनं एकही माणूस फिरकलं नाही. तिने ग्रात्सला फोन लावला.

"अहो, तुमचं हॉटेल यादीतून गायबच झालं की!" थोरली बहीण म्हणाली. "आम्ही नेहमी दोन तारेच टाकून शोधतो. पेन्शनीत तेवढंच बसतं. पण नशीब बघा, तुमच्याच इमारतीत दुसरं सापडलं. पहिल्या मजल्यावर. मास्तरही तिथेच उतरलेत म्हणे, नाश्ता अगदी तुमच्यासारखाच!"

एर्सिलिया जिन्याने धावत खाली गेली. गास्पारेच्या दारावरच्या पाटीवर दोन तारे होते.

"लिफ्ट गेली, म्हणून मी तारा उतरवून घेतला," गास्पारे शांतपणे म्हणाला. "कर कमी, कटकट कमी. पहिल्या मजल्याला लिफ्ट लागतेय कुणाला?"

"फसवलंस मला!"

"मी? मागायला कोण आलं होतं?"

एवढ्यात आतून भाजल्या पावाचा वास आला. पाठोपाठ ॲप्रन बांधलेला तुल्लियो हातात ट्रे घेऊन बाहेर आला आणि तिला बघून जागच्या जागी थिजला.

"तू? माझ्या भावाकडे?"

"त्याने भट्टी घेऊन दिली."

"मला विचारायचंस तरी एकदा!"

"भट्टी काढताना तू मला विचारलं होतंस?" तुल्लियोच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला भांडता आलं असतं. तो ट्रे घेऊन मास्तरांच्या टेबलाकडे गेला. एर्सिलिया जिना चढून वर आली. तिला फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉटरडॅमहून आलेली एक तरुणी काउंटरपाशी आली. हातातला पाव तिने प्लॅस्टिकसकट परत ठेवला. "माफ करा, इथे जवळपास खरंच चांगला नाश्ता कुठे मिळेल?"

तीन ताऱ्यांच्या काउंटरवर पाहुण्याला परक्या भाषेत, हसतमुखाने उत्तर द्यावं लागतं. एर्सिलियाने जाकिटाचं बटण लावलं.

"पहिल्या मजल्यावर," ती इंग्रजीत म्हणाली. "लिफ्टने जा. लिफ्ट आमचीच आहे."