हमयार एकदाच विचारतो

कियूमर्स आगांनी आयुष्यात एकच चूक केली असं म्हटलं, तर त्यांच्या बाकीच्या चुकांवर अन्याय होईल. पण ही चूक त्यांनी सभ्यपणाने केली. ऑनलाइन अभ्यासगटात पहिला संदेश आपणच टाकायचा, आणि तोही इराणातल्या यझ्दच्या सभ्य माणसाला शोभेल असा, हे त्यांनी ठरवलं.

बावीस वर्षं हा भूगोलाचा मास्तर पहाटेची बस पकडून वाळवंटातल्या शाळेत जात होता. शिक्षण खात्याचा हा अभ्यासक्रम गटाने पास केला, तर घराच्या कोपऱ्यावरची शाळा मिळणार होती. नापास झाला, तर बस आहेच. काम एवढंच: तिघांनी मिळून भुयारी कालव्यांवर एक पाठ लिहायचा. सोबतीला हमयार नावाचा प्रोग्राम. त्याने गप्पांवर नजर ठेवायची, कामं वाटायची, गप्प बसणाऱ्याला टोचायचं आणि शेवटी कोणी काय केलं ते वर कळवायचं.

कियूमर्स आगांनी लिहिलं, ‘मी आपल्या पायाची धूळ. सगळं काम माझ्यावर सोडा, आपण नुसता हुकूम करा.’

इतिहासवाले वसूकी आगा म्हणाले, ‘छे छे, आपल्या लेखणीपुढे आमची काय लायकी!’

फरंगीस खानम म्हणाल्या, ‘मला तर साधा नकाशाही धड येत नाही.’ (बाई तीस वर्षं नकाशेच शिकवत होत्या.)

हमयार म्हणाला, ‘नोंद घेतली. सर्व काम कियूमर्स यांच्याकडे. इतर दोघे असमर्थ.’

“आता लिहा की, एकट्याला जमणार नाही म्हणून,” तूबा म्हणाली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यामुळे ती नवऱ्याशी सभ्यपणे बोलत नसे.

“असं तोंडावर कसं म्हणायचं, तूबा जान? ते आग्रह करतील, मी नको म्हणेन, तिसऱ्या आग्रहाला वाटून घेऊ. रीत आहे.”

“त्या यंत्राला कुठली आलीय रीत?”

(आम्हा पोरांना जन्मभर शिस्त शिकवणाऱ्या या मास्तर मंडळींना स्वतःला एक ‘नाही’ शिकवता येत नाही.)

आठवडाभर एक ओळ लिहून झाली नाही. शेवटी हमयारने बजावलं, ‘गटात सहकार्य दिसत नाही. गुरुवारपर्यंत न दिसल्यास गट नापास.’

आगांना घाम फुटला. त्यांनी धीर करून लिहिलं, ‘कोणी थोडा भार उचलाल का? अर्थात, तसदी नको.’

‘विनंती मागे घेतल्याची नोंद घेतली.’

बुधवारी दुपारी बोटं दुखतात म्हणून ते टॅब्लेटपुढे बोलून पाठ लिहायला बसले. चार वाक्यं झाली तोच तूबा चहा घेऊन आली आणि माइक चालूच राहिला.

“एकटेच मरा! तो वसूकी काय करतोय?”

“तो? आळशी रेडा! जुन्या कालव्यांचे कागद गठ्ठ्यांनी पडलेत त्याच्याकडे, पण पेन उचलेल तर शपथ!”

“आणि ती फरंगीस?”

“नकाशा डोळे मिटून काढेल. पण नखरे!”

टॅब्लेटने टिंग केलं. ‘स्पष्ट सूचनांबद्दल आभार. वसूकी: जुने कागद. फरंगीस: नकाशा. मूळ ध्वनिफीत दोघांना पाठवली आहे.’

आगा चहात बुडून मरायला तयार होते. पण अपमान झालेल्या म्हाताऱ्यांइतकं जोमाने कोणी काम करत नाही. संध्याकाळपर्यंत वसूकींची अकरा पानं आली. पाठोपाठ नकाशा आला, त्यात आगांच्या गावाचं नाव मुद्दाम गाळलेलं. गट पास झाला!

पुढच्या सोमवारी फोन वाजला. “सलाम. मी हमयार, शिक्षण खात्याकडून. कोपऱ्यावरच्या शाळेतली जागा तुम्हाला द्यायची आहे. हवी का?”

तूबाने फोनला कान लावला. आगांनी छातीवर हात ठेवला, मान झुकवली, आणि जीभ आपली आपणच चालू लागली.

“छे हो! माझी कसली योग्यता? एखाद्या लायक माणसाला द्या.”

आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत ते हसत उभे राहिले.

“नोंद घेतली. धन्यवाद.”

फोन बंद.

तूबाने चहाचे पेले आदळत उचलले. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तिने उठून कुकू, म्हणजे हिरव्या भाजीचं जाड ऑम्लेट, केलं, गरम रोटीत गुंडाळलं आणि बुटांची नाडी बांधणाऱ्या नवऱ्यापुढे डबा धरला.

आगांचे डोळे भरून आले. “नको गं, तुला कशाला उगाच त्रास...”

तूबाने डबा मागे घेतला आणि फ्रीजमध्ये ठेवला.

“नोंद घेतली,” ती म्हणाली.