एका काडीचा कॅम्पफायर

एका काडीत शेकोटी पेटवणारा माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये एकच, आणि तो माधव नगरात राहतो, असं मी नातीला सांगून टाकलं. सांगणं भागच होतं! इशिता नाताळच्या सुट्टीत पुण्याहून आली होती आणि फोनवर आईला सांगत होती, "आजोबा छान आहेत गं, पण इथे फार बोअर होतं. पुढच्या सुट्टीत मी कॅम्पलाच जाईन." काळजात चर्र झालं हो! वर्षातून एकदा येणारी पोर. ती पण आली नाही, तर आम्ही म्हातारा-म्हातारीने काय एकमेकांची तोंडं बघायची?

मी लगेच घोषणा केली, "उद्या संध्याकाळी अंगणात कॅम्पफायर! भेंड्या, दमशेराज, भुताच्या गोष्टी!" टावर चौकातून मार्शमॅलोचं, म्हणजे आगीवर भाजून खायच्या त्या कापसासारख्या गोड गोळ्यांचं, पाकीटसुद्धा आणलं.

दुसऱ्या दिवशी काडी ओढली. विझली. दुसरी ओढली. पेटी अर्धी झाली तरी लाकडं ढिम्म! ओलीच होती मेली. इशिताने हळूच मोबाइल बाहेर काढला आणि माझा धीर सुटला. शेवटी आमच्या सौ. रजनीने "सरका बाजूला" म्हणत पूजेसाठी ठेवलेले कंडे, म्हणजे आपल्या गोवऱ्या, आणून रचले. आग झकास लागली आणि तिथेच घात झाला.

माळव्यात थंडीच्या दिवसांत अंगणात कंडे पेटले की त्याचा अर्थ एकच. दाल-बाफले! कणकेचे गोळे उकडायचे, कंड्यांवर भाजायचे, तुपात बुडवायचे आणि चार माणसं जमवून खायचे. धूर निघायचा अवकाश, शेजारच्या मीराभाभी फाटकात हजर!

"वाह भाईसाब! बाफले बन रहे हैं, और हमें बताया तक नहीं?"

इथे खरं सांगायचं होतं. पण या गावात जन्म गेला, जिभेला नको म्हणायचं वळणच नाही!

"अरे, आपको बुलाने ही वाला था! आइए ना, सबको लाइए!"

भाभींनी ते 'सबको' मनावर घेतलं. गल्लीभर हाक गेली.

"अहो, हे काय करून राहिलेत तुम्ही?" रजनी कडाडली. "घरात मूठभर कणीक आहे! लोकांना काय तुमचे ते कापसाचे गोळे वाढू?"

मी घाबरून पाण्याची बादली उचलली. आग विझली की बाफल्यांचा विषयच मिटला! तेवढ्यात समोरचे श्रीकांतराव आले.

"काय पेटवलंय, दिलीपराव?"

"काही नाही, कचरा जाळून राहिलोय!"

"अरे वा, बरं झालं!" म्हणत ते पळाले आणि घरातली मोडकी खुर्ची घेऊन परत आले. त्यांच्या मागोमाग मीराभाभी, हातात उकडलेल्या बाफल्यांची परात! आज त्यांच्याकडे बाफलेच होते, फक्त कंडे नव्हते. मागून कोणी डाळ घेऊन, कोणी तूप घेऊन.

"भाभीजी, कचरे में बाफले?" श्रीकांतराव किंचाळले.

"कचरा?" भाभींचा हात परातीवरच थांबला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात बादली!

"ना कचरा, ना बाफले," मी पडेल आवाजात म्हणालो. "बच्ची के लिए कॅम्पफायर कर रहा था. नहीं तो अगली छुट्टी में वो आएगी नहीं."

भाभींनी परात खाली ठेवली. "तो पहले बोलना था ना! आ बेटा, चिमटा पकड़!"

इशिता बाफले उलटायला बसली. गाल काळे, हात तुपकट, मोबाइल कुठे पडला याचा पत्ता नाही! भेंड्या न सांगताच सुरू झाल्या. श्रीकांतरावांनी मार्शमॅलो डाळीत बुडवून खाल्ला आणि "मीठ कमी आहे" म्हणाले. मी त्यांच्या मोडक्या खुर्चीवर तोल सांभाळत सगळं बघत होतो. एका हाकेत धावून आलेल्या या माणसांचे उपकार कसे फेडू, हेच कळेना.

पानं उचलल्यावर इशिताने आईला फोन लावला. "आई, कॅम्प कॅन्सल! पुढच्या सुट्टीतही मी इथेच!"

माझे डोळे भरून आले. धुराने, असं मी रजनीला सांगितलं.

"फक्त आजोबांना सांग," इशिता पुढे म्हणाली, "पुढच्या वेळी आग आजीच पेटवेल!"

मी उरलेली काडीपेटी निमूटपणे रजनीच्या हातात दिली.