विषय नसलेली सून

एका जंगलात, मुलांनो, प्राण्यांची एक ख्रिस्ती मंडळी होती. मोठी भाविक मंडळी. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तर वाघसुद्धा उपास करायचा. त्या दिवशी चर्चच्या देवळात हरणं बिनधास्त त्याच्या पुढच्या बाकावर बसायची.

दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना व्हायची. मंडळीचा धर्मगुरू, म्हणजे पाळक, होता गवा. देहाने मोठा, मनाने मऊ. तो विचारायचा, "बोला, कुणाचे काय प्रार्थनेचे विषय?"

मग ज्याची त्याची अडचण पुढे यायची. माकडाच्या मुलाला परदेशी झाडाचा व्हिसा हवा असायचा. घोरपडीच्या गुडघ्यांचा विषय तर इतका जुना होता, की तिने तोंड उघडलं की बाकीचे डोळे मिटूनच घ्यायचे.

अशा मंडळीत मुंगसांच्या घरी नवी सून आली. तबिथा.

तबिथा सुखात होती. संध्याकाळी नवरा, शांतवन, घरी आला की दोघं बिळाच्या तोंडाशी बसायची. एक स्तोत्र वाचायची. मग काहीच करायची नाहीत. तिला तेवढंच फार आवडायचं.

पहिल्याच बुधवारी गव्याने विचारलं, "सूनबाई, तुमचा विषय?"

"माझा विषय नाही, पाळकसाहेब. फक्त आभार मानायचेत."

सगळ्यांनी डोळे उघडले. घोरपडीनेसुद्धा.

"काहीच नाही?" साळिंदरबाईंनी विचारलं. त्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. "नवरा कसा आहे?"

"चांगला आहे."

"आणि सासू?" सासू शेजारीच बसली होती.

"त्याही चांगल्या आहेत."

साळिंदरबाईंनी सुस्कारा सोडला. "पाळकसाहेब, पोरीची आत्मिक वाढ खुंटलीय. ज्याला काही कमी नाही, तो गुडघे टेकेल कशाला?"

"आभार मानायला," तबिथा हळूच म्हणाली. पण तोवर गाणं सुरू झालं होतं.

घरी आल्यावर सासू म्हणाली, "अगं, निदान माझं नाव तरी सांगायचंस! आता लोक म्हणतील, आम्ही सुनेला बोलूच देत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मंडळी तबिथाची वाढ करायला येऊ लागली. रोज. नेमकी संध्याकाळी.

"सलाम, सूनबाई! बीळ जरा लहानच नाही का गं?"

"पुरतं आम्हाला."

"आणि ओल?"

"कोरडं आहे, बाई."

"बघा, बघा, कशी मन दाबून बोलते!" साळिंदरबाई हळहळायच्या आणि आणखी एक कप चहा मागायच्या. बिळाच्या तोंडाशी गवा बसायचा. त्यामुळे तिथे दुसरं कुणी बसण्याचा प्रश्नच नव्हता. शांतवन चुलीशी कपबशा विसळत बसायचा. स्तोत्रं तशीच राहून गेली.

शेवटी एका संध्याकाळी तबिथाने किटली जरा आपटूनच खाली ठेवली.

"माझा एक विषय आहे."

साळिंदरबाईंनी कप खाली ठेवला.

"आमची संध्याकाळ आम्हाला परत मिळावी."

साळिंदरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हालेलुया! पोरीला प्रार्थनेचं ओझं मिळालं!" आनंदाने त्यांचे काटे उभे राहिले. शेजारचे सरकून बसले.

गवा गहिवरून म्हणाला, "एवढा गंभीर विषय एका दिवसात सुटणार नाही. साखळी प्रार्थना ठेवू. उत्तर मिळेपर्यंत, रोज संध्याकाळी, इथेच."

"इथेच?" तबिथाने विचारलं.

"म्हणजे काय! ओझं जिथे, प्रार्थना तिथे."

सासूची मान ताठ झाली. आपल्या सुनेचा विषय आता घोरपडीच्या गुडघ्यांहून मोठा होता. "चहाचं मी बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी सगळे जमले. सगळ्यांनी डोळे मिटले. तबिथाने शांतवनकडे पाहिलं. मुंगसाच्या बिळाला मागूनही एक वाट असते. दोघं निघाली.

चर्चचं देऊळ अगदी रिकामं होतं. अख्खी मंडळी तर त्यांच्या घरी होती. दोघं मागच्या बाकावर बसली. एक स्तोत्र वाचलं. मग काहीच केलं नाही.

"पाळकसाहेबांना सांगायचं का, उत्तर मिळालं म्हणून?" शांतवनने विचारलं.

"नको रे," तबिथा म्हणाली. "किती मनापासून करतायत! करू दे."

अजूनही करतायत.

तात्पर्य : समाधान मिळालं तर मंडळीत सांगू नये. प्रार्थनेचं उत्तर मिळालं तर मुळीच सांगू नये. दुसऱ्यांची वाढ खुंटते.