तात्यांचं हातभर मोठं खुराडं

परवा सकाळी मागच्या दारी गेले, तर शेजारचे तात्या भिंतीवरून कमरेपर्यंत वाकून माझ्या वेलावरचा दोडका टेपनं मोजत होते. मला बघताच टेप खटकन मिटली.

"काय न्हाय बाई, सहज."

तात्यांचं सगळं सहजच असतं. माणूस मूळचा बावड्याचा. उभी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. निवृत्त होऊन बारामतीला आमच्या कॉलनीत घर बांधलं, आणि मोजायला ऊस उरला नाही म्हणून शेजाऱ्यांचा संसार मोजायला घेतला. मी शाळेतून निवृत्त झालेली, म्हणून त्यांची 'बाई'.

गेल्या वर्षी मी परसात बाग करायला घेतली. वांगी-मिरचीचे वाफे, दोडक्याचा मांडव, कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं. जमिनीवर फक्कीनं रेघा मारत होते, तेवढ्यात भिंतीवर टोपी उगवली.

"कबड्डी हाय का हितं?"

"बाग करतेय, तात्या."

"असं व्हय."

दुपारी त्यांच्याही परसात फक्की पडली. आखणी थेट माझीच, फक्त सगळं हातभर मोठं. खुराडं करणारा वेल्डरही त्यांनी माझाच बोलावला. माझ्या खुराड्यात ऊन शिरेना म्हणून मी त्याचं तोंड फिरवलं, तर पलीकडं लगेच ठोकाठोक सुरू झाली.

कोंबड्या आल्या. माझ्या अंडी देऊ लागल्या, तात्यांच्या देईनात. तात्यांचं जेवण उडालं.

"बाई, तुमच्या कोंबड्या लई मोठ्यांदा वरडत्यात. आमच्या बावरल्यात."

मी आठवडाभर खुशीत होते. मग त्यांच्या वांग्यांनी असा बार धरला, की माझी झाडं त्यांच्यापुढं आजारी वाटायला लागली. मी काही त्यांच्यासारखी भिंतीवरून डोकावत नाही. गच्चीवरून दिसतं, त्याला मी काय करणार? दिवसातून चारदा वाळवण बघायला मी वर जायचे. वाळवण नसलं तरी.

रविवारी माझी लेक पुण्याहून येते, नातीला घेऊन. इरा गाडीतून उतरायची ती थेट खुराड्यात. दिवसभर परसात तिचा दंगा. त्या दिवशी तात्या भिंतीशी फिरकायचे नाहीत. मला वाटायचं, पोरांचा कालवा आवडत नसेल.

एका रविवारी लेकीची गाडी गेली आणि मी फाटक लावून मागं आले. तात्या भिंतीपलीकडं उभे होते. टेप नव्हती, टोपीही नव्हती.

"बाई, एक इचारू?"

"विचारा की."

"तुमची नात नेमकं काय बघाया येती? कोंबड्या, का मांडव?"

मला काही कळेना.

"न्हाय, मी समदं केलंय. तुमच्यापरास मोठं केलंय. दर खेपंला लेकाला फोटू धाडतो. प्रशांत म्हणतो, बघू, सुट्टी मिळाली की येतो. सूनबाई बी म्हणती, पोराला आणू." ते खुराड्याकडं बघत राहिले. "काय तरी ऱ्हायलं असंल माझं. तुमी मास्तरीण, तुमाला दिसंल. तेवढं सांगा, म्हंजी करून टाकतो."

"बघते," म्हणून घरात आले.

पुढच्या रविवारी मी इराला म्हटलं, "पलीकडच्या आजोबांच्या कोंबड्या बघून ये जा. त्या जरा बावरतात, सांभाळून."

ती गेली ती गेलीच. जेवायला हाका मारल्या, तर भिंतीवरून तात्यांचाच आवाज आला, "आमी हितं भाकरी खातोय! अन् कोंबडीनं अंडं दिलंय, बाई! ह्या पोरीच्या हातात दिलंय!"

आता रविवारी गाडी थांबली की इरा माझ्या फाटकाशी चपला टाकते आणि पलीकडं पळते. मी वांग्यांना पाणी घालत भिंतीपलीकडचं हसणं ऐकते. तात्या इतके मोठ्यानं हसतात, हे मला माहीतच नव्हतं. जीव जळतो माझा, खोटं कशाला बोलू?

हाक मात्र मारत नाही.