पाच एकर बागायत, निर्व्यसनी बालक

माणूस जितका लहान, तितकं सरकार त्याला लांब नाव देतं. चाळिशीचा माणूस चुकला तर नुसता आरोपी. आमचा सत्यम सतरा वर्षांचा, म्हणून तो 'विधी संघर्षग्रस्त बालक'. ऐकूनच काकू रडायला लागली. तिला वाटलं, पोराला आजार निघाला.

थांबा, पहिल्यापासून सांगते. सत्यम माझा चुलतभाऊ. सिडकोत बारावीच्या क्लासला जातो. तिथं पार्किंगमधी कुणाची तरी मोटरसायकल, चावी गाडीलाच. पठ्ठ्या ती घेऊन थेट अजिंठ्याला. कशाला? रील काढायला! संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून जागेवर लावायला आला, तर मालक आणि पोलीस दोघंही वाट बघत उभे.

मग बाल न्याय मंडळ. लई भारी संस्था हाय, खरंच. पोरांना भीती वाटू नये म्हणून कठडा नाय, पोलीस साध्या कपड्यात, भिंतीवर ससा काढलेला. (सशाला पोरं घाबरत नाय, बाप घाबरत्यात. फकिराकाका तीन तास सशापुढं हात जोडून बसले होते.) मधी न्यायाधीश मॅडम, बाजूला दोन समाजसेवक. समोर येणारी बालकं चार प्रकारची: मोबाईल उचललेली, मारामारी केलेली, गाडी पळवलेली, आणि "मी नव्हतो, मित्र होता" म्हणणारी. (चौथ्या प्रकारात पहिले तिन्ही येतात.)

मॅडम म्हणाल्या, "सामाजिक तपास अहवाल आणा." म्हणजे एक साहेब गावात जाऊन पोराची वागणूक विचारणार. अहवाल चांगला, तर समज देऊन घरी. वाईट, तर निरीक्षणगृह. आणि बारावीची परीक्षा सव्वा महिन्यावर!

आता कायदा इतका दयाळू, की बालकाची बदनामी नको म्हणून साहेबांनी कोर्टाचं नावच काढायचं नाय. त्यांनी नाय काढलं. फुलंब्रीच्या अलीकडं आमचं गाव. तिथं अनोळखी माणूस फाईल घेऊन पारावर बसतो आणि विचारतो, "फकिरा यांचा मुलगा कसा आहे हो? व्यसन वगैरे? घरचं कसं?" गाव काय समजणार?

मुलीकडचे आले!

गावात लग्नाला आलेली पोरं एकेचाळीस, गेल्या साली लग्नं झाली दोन. (त्यातलं एक पळून.) म्हणून गावानं ठरवलेलंच हाय: पोरगं कुणाचंही असू दे, चांगलंच सांगायचं. ग्रामसभेत इतकं एकमत आजवर झालेलं नाय. साहेब लिहीत गेले. वय पंचवीस पूर्ण. वाळूजला कंपनीत परमनंट. पाच एकर बागायत. सुपारीचं खांडसुद्धा नाय. "आणि सासऱ्याला लई मान देईल बघा," मुंजाबातात्या म्हणाले. साहेबांनी तेही लिहिलं.

जाता जाता त्यांना गोजरबाईनं अडवलं. तिचा आणि काकांचा बांधावरून अकरा वर्षं अबोला.

"कुणाच्या पोरीचं वाटोळं करताय ओ? पंचवीस कुठलं, सतरा वर्षांचं शेंबडं हाय ते! माझ्या पेरूवर चढतंय, उतरता येत नाय म्हून रडतंय. आईनं डोळे वटारले की न्हाणीत लपतंय. त्याला नवरा करताय व्हय?"

सोमवारी तारीख. मॅडमनी अहवाल वाचला. शाळेच्या दाखल्यावर सतरा, गावाच्या तोंडी पंचवीस.

"ज्यांना वय खरं सांगता येत नाही, त्यांनी सांगितलेली चांगली वागणूक मी खरी कशी धरू?"

चौदा जणांची स्तुती, चौदाही बाद. काकांनी परत सशाला हात जोडले. काकूचा पदर तोंडात.

मग शेवटचं पान. मॅडमनी ते दोनदा वाचलं.

"पेरूवरून उतरता येतं का आता?"

"नाय मॅडम."

"आईला घाबरतोस?"

सत्यमनं काकूकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"हे मूलच आहे," मॅडम म्हणाल्या. गाडीमालकाची माफी मागायला लावली, समज दिली, घरी सोडलं.

काका पेढे घेऊन गोजरबाईच्या दारात गेले. अकरा वर्षांनी! तिनं दारातूनच विचारलं, "मोडलं ना स्थळ?" आणि दोन पेढे उचलले.

हसा, हसा. पण उद्या तुमची चौकशी आली, तर तुमचं खरं सांगणारं एक तरी माणूस हाय का गल्लीत? माझ्याकडं काय बघता? मी तुमची मैत्रीण हाय. मी चांगलंच सांगणार.