भिंतीला खिंडार

क्रीडा वार्ताहराने अख्खं शहर दुखावलं, नेमकी त्याच सोमवारी त्याची दाढही ठणकायला लागली.

शहराच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर एकोणचाळीस वर्षांचा होता. सगळे त्याला ‘भिंत’ म्हणत. रविवारी या भिंतीने चार गोल खाल्ले आणि वार्ताहराने लिहिलं, ‘भिंतीला खिंडार पडलं आहे. गोलकीपरने आता सन्मानाने निवृत्त व्हावं.’ सकाळी दहापर्यंत कचेरीतला फोन शिव्यांनी तापला. कोणी त्याचा बाप काढला, कोणी चष्मा लावायला सांगितलं. एका आजीबाईंनी तर “तूच ना तो?” अशी आधी खात्री करून घेतली आणि मगच त्याचं वाटोळं चिंतलं.

दुपारी गाल इतका सुजला की बायकोने त्याला धरूनच दातांच्या दवाखान्यात नेलं. “नवी डॉक्टरीण आहे. हात हलका आहे म्हणतात,” ती म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर बसली.

खुर्चीत आडवा होऊन वार्ताहराने समोर पाहिलं. समोरच्या भिंतीवर भिंतीचा फोटो होता. सहीसकट.

“मिसेस म्हणाल्या, तुम्ही पेपरात खेळावर लिहिता,” त्याच्या तोंडात आरसा घालत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तो खिंडारवाला तर नाही ना तुम्ही?”

त्यांच्या दुसऱ्या हातात सुई होती. वार्ताहराने मान अशी काही फिरवली की तिचा अर्थ हो, नाही किंवा नुसतंच ‘आई गं’ असा कसाही लागला असता.

“नाही ना? मग तुम्ही दुसऱ्या पेपरातले! ‘भिंत अभेद्य’ लिहिणारे!”

सत्यासाठी माणसाने प्राण द्यावेत हे त्याला मान्य होतं, पण दाढेचा प्रश्न वेगळा होता. त्याने मान डोलावली.

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी इंजेक्शन दिलं. “बधिर व्हायला दहा मिनिटं लागतील. तोवर आमच्या चाहता मंडळाला बोलावते. वरच्याच मजल्यावर हॉल आहे.”

“नॉवॉ!” वार्ताहर तोंडातल्या कापसाआडून कळवळून म्हणाला. त्याला ‘नको’ म्हणायचं होतं.

“हो, नवाच आहे हॉल. तुम्हाला कसं कळलं?”

पाच मिनिटांत सहा माणसं गुच्छ घेऊन हजर झाली. मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी गुच्छ आडव्या वार्ताहराच्या पोटावर ठेवला आणि भाषण सुरू केलं. वार्ताहराच्या बधिर ओठातून लाळ गळायला लागली.

“पाहिलंत? गहिवरले!” पोस्टमास्तर म्हणाले. मग खाली वाकून हळूच म्हणाले, “राग मानू नका हं, पण तुमचं लिखाण आम्ही वाचत नाही. फार गोड असतं. सकाळी उठल्यावर आधी त्या खिंडारवाल्याचं वाचतो. त्याशिवाय अंगात रक्त खेळत नाही.”

आपला सत्कार चाललाय, अपमान चाललाय की आपल्या जागी दुसऱ्याच कुणाचा अपमान चाललाय, हे वार्ताहराला कळेना. एवढ्यात गलका ऐकून बायकोने दारातून डोकं आत घातलं. गुच्छ पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

“माफ केलं ना यांना सगळ्यांनी? बरं झालं बाई! मी म्हटलंच होतं, ‘खिंडार’ जरा जास्त होतंय.”

पोस्टमास्तरांनी गुच्छ परत उचलला. डॉक्टरीणबाईंनी पक्कड उचलली.

त्याच क्षणी लंगडत लंगडत खुद्द गोलकीपर आत आला. रविवारच्या चौथ्या गोलाला गोलपोस्टवर आपटून त्याचा पुढचा दात हलला होता आणि त्याची चारची वेळ ठरलेली होती.

“हाच तो!” पोस्टमास्तर ओरडले. “यानेच लिहिलं!”

गोलकीपरने वार्ताहराचा हात आपल्या दोन्ही पंजांत घेतला. “साहेब, फार उपकार झाले. दोन वर्षं झाली, खेळ सोडायचं म्हणतोय. गुडघा उरलाच नाही. पण विषय काढला की ही मंडळी घरी येऊन रडतात. शेवटी तुम्ही तरी लिहिलंत.”

“ऐकलंत?” पोस्टमास्तरांचा आवाज कापायला लागला. “लिहून लिहून किती खचवलंय माणसाला!”

“खचलो नाही हो, दमलोय.”

“तेच! दमवलंय याने!”

सहाही जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. गोलकीपरने त्यांच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. “बरं बरं, खेळतो,” तो पुटपुटला आणि बाहेर जाऊन बसला.

डॉक्टरीणबाईंनी दाढ एका झटक्यात काढली. हात खरंच हलका होता. “पुढच्या सोमवारी टाके काढायला यायचंय,” त्या गोड आवाजात म्हणाल्या. “माझ्याकडेच. आणि सोमवारचा पेपर मी सकाळीच वाचते.”

आठवडाभर वार्ताहर टाक्यांवरून जीभ फिरवत राहिला आणि सोमवारी त्याचा लेख आला, ‘भिंतीने आणखी दोन हंगाम खेळावं’. साडेनऊपासूनच फोन सुरू झाले. “आमची टिंगल करता?” पहिल्याने विचारलं. “कोणी दम दिला तुम्हाला?” दुसऱ्याने विचारलं. पोस्टमास्तरांनी तर पेपर बंद करण्याची धमकी दिली. वाचून राग येत नसेल तर पेपर घ्यायचा कशाला, हा त्यांचा मुद्दा होता.

चार वाजता तो दवाखान्यात पोचला. बाकावर गोलकीपर बसला होता. पाय लांब केलेला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, बाजूला आजचा पेपर.

“वाचलं,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “सगळ्यांचं मन राखलंत, साहेब. पण गुडघा माझा आहे हो.”

मग त्याने दोन्ही हातांनी आपला पाय उचलून खाली ठेवला, पेपर उचलला आणि कण्हत कण्हत सरकून वार्ताहराला बसायला जागा करून दिली.