माझ्या घटपर्णीची छाटणी

येडगावातल्या आमच्या आळीच्या बाया सांजच्याला कुठं बसायच्या? माझ्या ओट्यावर! कुणाची सून रुसली, कुणाचा जावई मुक्कामी आला, समदी बातमी आधी माझ्याकडं. आन एक दिवस समद्या उठून समोर जोहराबीच्या ओट्यावर. का? तर तिनं वळचणीला घटपर्णी टांगलीया. मंजे माशा गिळणारं झाड! पानाच्या शेंड्याला सुरया लोंबत्यात, माशी आत घसरली की बाया टाळ्या वाजवत्यात. (एवढ्या टाळ्या माझ्या लग्नातबी न्हाई वाजल्या.)

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. सुनेला म्हणलं, "उज्ज्वला, मलाबी तसलंच आण. तिच्या नुसत्या सुरया, मी फूल आणून दाखवते."

तिनं नर्सरीतून हायब्रीड आणलं. म्हणली, "आत्या, नर्सरीवाला म्हणला, फुलाला वरसं लागत्यात. वेल लांब वाढू द्या, उजेड भरपूर, पाणी तोडू नका. आन छाटू तर आजिबात नका."

"त्यो मला शिकवतो व्हय? जलम द्राक्षाच्या बागंत गेला माझा!"

द्राक्षाला कसं करत्यात? पाणी तोडून ताण द्यायचा, मग छाटणी, की घड बाहेर. मी तेच केलं. ताण दिला. कातर घेऊन समदी पानं उडवली, सुरयांसकट. ऱ्हायली काडी. रोज बघते, काडी ती काडीच.

मग (हसू नका) परड्यातला राजगिऱ्याचा तुरा काडीला दोऱ्यानं बांधला आन आरोळी ठोकली, "या गं, फूल आलं!"

बाया धावल्या. सखूबाईनं तुरा चिमटीत चोळला. "जानकाबाई, ह्यो तर राजगिरा!" समद्या फिदीफिदी.

जोहराबी मातूर हसली न्हाई. "खरं फूलबी आसंच दिसतं गं, वर घाण वास. माझ्या झाडाला आलं व्हतं, मी खुडून टाकलं."

मी पुढं सरले. "खुडलं? कुठं टाकलंस?"

"शेळीपुढं. तिनं हुंगून तोंड फिरवलं."

बाया निघाल्या तिच्या ओट्याकडं. मी एकलीच काडीपाशी बसून काय करू? गेले मागनं. पायरीवर पाय ठेवला, तर जोहराबी आडवी आली.

"ये की, जानकाबाई. पर कातर न्हाई ना आणलीस?"

आन मेलीनं खरंच माझी पानाची चंची उघडून बघितली.